मळक्या गाठोड्यांची वाटणी

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात सगळ्यात वाईट गाठोडं मावशींच्या वाट्याला, हे जणू ठरूनच गेलं होतं. रक्ताने, उलट्यांनी माखलेल्या चादरी आधी हाताने खळबळून काढायच्या, मगच मशीनमध्ये टाकायच्या. मावशी तिथल्या मुकादम. नुसते हुकूम सोडत खुर्चीत बसल्या असत्या, तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. पण चर्चमधल्या पाळकांनी एकदा बजावलं होतं, "ख्रिस्त तोंडाने सांगू नका, जगून दाखवा." मावशींनी ते मनावर घेतलं. आपण वाकलो की बाकीच्याही वाकतील, एवढाच त्यांचा साधा हिशेब.

बाकीच्या वाकल्या नाहीत, निवांत झाल्या. गाठोडं आलं की एकीला फोन यायचा, दुसरीची कंबर धरायची. इस्त्रीवाली तर लांबूनच ओरडायची, "मावशी, तुमचं माहेर आलंय बघा!" खसखस पिकायची. मावशीही ओठ ताणून हसायच्या आणि हातमोजे चढवायच्या. घरी मात्र भांडी आपटायच्या.

"देवाचं काम करतेस आणि राग पातेल्यांवर?" नवरा विचारायचा. तो बरोबर बोलतोय म्हणून त्या आणखीच भडकायच्या. प्रार्थनेला बसलं तरी तोंडात तक्रारच.

मग मावशींचं मनगट मुरगळलं. पट्टी बांधून त्या कामावर आल्या. गाठोडं आलं. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी इस्त्रीवाली उठली, टब त्यांच्याजवळ सरकवला आणि अगदी कळवळून म्हणाली, "डाव्या हाताने जमेल ना?"

मावशींचा तोल गेला. "डोळे फुटलेत का तुमचे? इतकी वर्षं मी हे कशाला करतेय?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला पुण्य हवंय," इस्त्रीवाली बिचकून म्हणाली. "मधे पडून ते कशाला हिरावून घ्यायचं?"

संध्याकाळी त्या तणतणत पाळकांकडे गेल्या. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं, मान खाजवली. "शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर प्रभू गप्प नाही बसला, मावशी. 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा,' असं म्हणाला."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगून टाकलं, "आजपासून आळीपाळीने. हात बरा झाला की मीही आहेच." सगळ्यांनी नाकं मुरडली. दोघी तर वर साहेबांकडे तक्रार घेऊन गेल्या. साहेबांनी त्यांना तशाच परत पाठवलं.

पहिली पाळी इस्त्रीवालीची. तिने गरम पाणी घेतलं आणि रक्ताचा डाग पक्का बसला. 'एवढंही कळत नाही?' मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. तो घोट गिळणं चादरी धुण्यापेक्षा अवघड होतं.

"गार पाणी घे," त्या एवढंच म्हणाल्या.

"नुसत्या उभ्या काय राहताय?" इस्त्रीवाली फणकारली. "हे टोक तरी धरा!"

मावशींनी डाव्या हाताने टोक धरलं.