गुत्त्याबाहेरचा कट्टा

आमच्या शिवाजी पेठेतल्या इंग्रजांच्या वेळच्या दारूच्या गुत्त्यात आता कॉफी मिळते. बाहेरच्या दगडी कट्ट्यावर नवी पाटी लागलीय: 'जुन्या काळी रसिक येथे विसावत.' रसिक म्हणे!

परवा एक अनोळखी म्हातारी पायताण काढून त्या कट्ट्यावर बसली होती. मी तिला पाटी वाचून दाखवली. तिनं दगडावर हात आपटला.

"इसावा? पावणं, बाईमाणसानं गुत्त्यात पाय ठिवायचा न्हाय, म्हणून आमी बायका हितं ताटकळत बसायचो. न्हवरा झिंगत भाईर आला की धरून घरला न्यायचो."

एवढ्यात मॅनेजर आला. "आजी, उठा. कट्टा गिऱ्हाइकांसाठी आहे."

म्हातारीनं मांडी घातली. "मग बसतो की! गिऱ्हाइकाचीच बायको हाय मी."