राबातलं मुंगूस

करंजाड्याच्या इमारती कुंपणाला येऊन टेकल्या, तरी चंद्रावती भातशेती सोडायला तयार नव्हती, आणि बांधावरची झाडी तोडायला तर मुळीच नाही. ऐन, भोकर, खाली करवंदीची जाळी. येणारा-जाणारा विचारायचा, एवढं रान कशाला वाढवलंय? त्या जाळीतलं मुंगूस तिच्या कोंबड्यांची अंडी पळवायचं, तेव्हा ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण जाळीजवळ कोणी कोयता घेऊन गेलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. तिला ती जाळी हवी होती, बस्स.

दरवर्षी राबासाठी ती स्वतः ऐनाच्या फांद्या छाटायची, बुंधा राखून. वाळल्या की रोपाच्या जागेवर शेण-पाल्यासकट पसरून भाजायच्या, म्हणजे तणाचं बी जळतं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून हे काम मुलाला, धनेशला सांगितलं, तिथेच चुकलं. एरवी शेतात पाय न टाकणाऱ्या या बाबाला आईचा अचानक पुळका आला. त्याने मशीनची करवत आणली आणि अख्खा बांध बुडापासून भादरला, जाळीसकट. वर कमरेएवढ्या राबाचा फोटो काढून दाखवला. चंद्रावतीने कपाळाला हात लावला. ओरडावं तर पोरगं कौतुकाची वाट बघत उभं. मग कित्येक दिवस ती त्याचं ताट आदळूनच वाढायची, आणि तो बायकोला विचारत राहिला, माझं चुकलं काय?

वैशाखात राब भाजायला दोघं सकाळीच शेतावर गेली. धनेश काडी ओढणार तोच ढिगातून मुंगूस निघालं, तोंडात पिल्लू. सवयीने बांधाकडे धावलं. तिथे काहीच नव्हतं. उघड्या बांधावर ते इकडून तिकडे फिरलं, थांबलं, आणि पिल्लू घेऊन परत ढिगातच शिरलं.

चंद्रावतीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग. तिने काडेपेटी काढून घेतली.

“राब नाय पेटवायचा. बांधावर पालवी येईपरत ढीग तसाच राहूंदे.”

“मंग रोप कुठं टाकायचा, आये?”

“बाजूला, बिनभाजल्या जागंत. तण माजंल, तो तू काढायचा. मजूर नाय लावायचा.”

आषाढात चिखलात वाकून वाकून धनेशची कंबर मोडली. संध्याकाळी तो घरी आला की ती फक्त एवढंच विचारायची, बुंध्यांना पालवी आली का. शेवटी तो वैतागून म्हणाला, बोटभर आलीय, आणि तुझ्या मुंगसाने माझ्या नाकासमोरून अंडं नेलं. चंद्रावतीने दोघांनाही शिव्या घातल्या. सकाळी अंडी गोळा करताना मात्र एक अंडं तिने तिथेच राहू दिलं.