सातव्या मजल्यावरची खुर्ची

सावेडीतली ती अकरा मजली बिल्डिंग रस्त्यावरच्या फलकावर कधीच पूर्ण झाली होती. चित्रातल्या गच्चीवर झाडं होती आणि झाडांखाली गोरीगोमटी माणसं चहा पीत होती. खरी बिल्डिंग सातव्या मजल्याच्या छतापर्यंतच आली होती. तिथवर ती भिमाबाईच्या टोळीनं आणली, हे फलकावर कुठंच नव्हतं. भिमाबाईला त्याचं काही वाटत नसे. "चित्र काढनाऱ्याला टेके लावावे लागत न्हाईत," एवढंच ती म्हणायची.

भिमाबाई मूळची खर्ड्याची. नवरा रखमाजीबरोबर नगरला आली तेव्हा तीन मजली घर दिसलं की लोक मान वर करून बघायचे. ती घमेली वाहायची, पण नजर सगळी सेंट्रिंगवर. ओला स्लॅब तोलून धरणाऱ्या त्या प्लेटा आणि त्यांच्याखालचे टेके तिला फार आवडायचे. बायकांनी घमेलं उचलायचं, हातोडा नाही, असा साइटवरचा रिवाज होता; तो कोणी घालून दिला देव जाणे. एकदा माणसं कमी पडली म्हणून हिनं हातोडा घेतला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. रखमाजी आधी रुसला, मग तिच्याच हाताखाली कामाला लागला आणि चांगला सुखी झाला. आता टोळीत चौदा माणसं आहेत. भिंगारहून रिक्षानं येताना ती लेकीला, शुभांगीला, उंच इमारती दाखवते. "ही माझी. ती बी माझी. ती तिरकी दिसती ना, ती माझी न्हाई."

अकरा मजले मात्र तिनं आजवर केले नव्हते. सगळ्यात वरचा स्लॅब आपल्या हातानं टाकायचा, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. बिल्डर काकासाहेबांना पाडव्याला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायचा होता, कारण तिथून चांदबीबीचा महाल झकास दिसतो. पाडवा दहा दिवसांवर, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये तर टेक्यांचं रान माजलेलं.

"टेके काढा, भिमाबाई. उद्या फरशीवाले येतायत."

"स्लॅबला एकवीस दिस हुंद्या, शेठ. आज नववा हाय."

"मी स्वतः वरून चालून आलो. दगड झालाय नुसता."

"वरनं दगडच दिसतोय. मी खालनं बघती."

"मग दुसरा माणूस बघतो. वरचे चार मजलेही तोच करील."

सगळ्यात वरचा स्लॅब भिमाबाईच्या हातचा चालला होता. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "बगा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ आला. सहा वर्षं हा गडी तिच्याच टोळीत होता, टेका लावायला तिच्याकडूनच शिकलेला. त्यानं तिची नजर चुकवली, वरखाली पाहिलं आणि म्हणाला, "निघंल, शेठ. काय हुत न्हाई."

भिमाबाई भांडली नाही. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची तिनं उचलली आणि हॉलच्या मधोमध, टेक्यांच्या दाटीत ठेवली. "काढू द्या त्याला. पन काढताना तुमी हितं बसायचं."

काकासाहेबही हट्टाचेच. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, चारचौघांत माघार कसली घेतोय! तरातरा गेले आणि पायावर पाय टाकून बसले. "ठोक रे!"

कानिफनाथनं हातोडा उचलला. एकदा वर छताकडं पाहिलं, एकदा शेठच्या टकलाकडं. हातोडा काही खाली येईना.

"ठोक ना!"

"तुमी जरा उठा, शेठ," तो घुटमळत म्हणाला. "तुमी उठा, मंग ठोकतो."

काकासाहेब वर बघतबघत अगदी सावकाश उठले.

"ह्यो तुमाला दोन मिंटं बसू दीना," भिमाबाई म्हणाली. "फ्लॅट घेनारी मानसं हितं पोराबाळांसंगं जल्मभर बसनार हायती."

काकासाहेब खिडकीशी गेले. तिकडं महाल झकास दिसत होता. शेवटी त्यांनी खिशातून मोबाईल काढला, फरशीवाल्याला फोन लावला आणि टेके कधीच निघालेल्या पाचव्या मजल्यावर यायला सांगितलं. मग तिच्याकडं न बघताच विचारलं, "आठव्याचं सामान कधी वर चढवताय?"

"आज," भिमाबाई म्हणाली, आणि कानिफनाथकडं वळली. "आलायस तर आता रिकामा जाऊ नगं. प्लेटा उचलू लाग."