आरशातली कोंबडी

कोंबडी पाळायची हौस मला कधीच नव्हती. आखाड संपत आला की माझी मोठी नणंद, म्हणजे आमच्या अक्का, दोंडाईच्याजवळच्या गावाहून एक गावरान कोंबडी घेऊन जळगावला येतात. श्रावण लागायच्या आत रस्सा-भाकरी होते, अक्का परत जातात, विषय संपतो. त्या वर्षी कोंबडी पिशवीतून बाहेर काढली आणि भावकीतलं कोणी गेल्याचा फोन आला. सुतकात कसला रस्सा? सुतक फिटेपर्यंत श्रावण लागला. मग गणपती, मग नवरात्र. दसऱ्याला कोंबडी आमच्या ह्यांच्या ताटातला भात खात होती. "आता हिच्यावर सुरी कोण चालवणार?" हे म्हणाले. आणि हे कोण, तर जन्मभर नळी फोडून खाणारा माणूस.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यात कोंबडी. हे सकाळी दुकानात जाणार, संध्याकाळी येऊन तिला मांडीवर घेणार. लाड ह्यांचे, उस्तवार माझी. मी जरा नजरेआड झाले की ही कोकलायला लागायची. न्हाणीत गेले तर दारावर चोच. किराणा आणायला खाली उतरले की शेजारीण जिन्यातच गाठायची, "वहिनी, तुमची बाई रडतेय." डोकं उठायचं नुसतं. पोटच्या पोरींनीही मला इतकं बांधून ठेवलं नव्हतं.

त्यातल्या त्यात दुपार बरी जायची. कपाटाच्या मोठ्या आरशासमोर ती उभी राहायची, काहीबाही कुरकुरायची, तिथेच दाणे टिपायची. तेवढ्यात मी पाठ टेकून घ्यायची. पण काचेवर टोचून हिची चोच मोडेल, म्हणून ह्यांनी एका रविवारी आरशाच्या खालच्या भागावर वर्तमानपत्र चिकटवलं.

त्याच आठवड्यात तिनं दाणे टाकले. ज्वारी नको, भात नको, काही नको. जनावरांच्या डॉक्टरांनी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, "आजार काही नाही. एकटी पडलीय. अशीच राहिली तर जगायची नाही. सोबत द्या." म्हणजे दिवसभर घरात मी होते ती काय भिंत होते? दुसरी आणावी, तर सोसायटीवाले एकीवरूनच तोंड वाजवत होते. डोळ्यांदेखत मरू तरी कशी द्यायची? शेवटी पिशवीत घालून अक्कांकडे नेली.

अक्कांच्या अंगणात कोंबड्यांनी तिला टोचून टोचून नको नको केलं. ती पळत येऊन माझ्या साडीत शिरली. अक्का हसल्या, "तिले आपन कोंबडी शे, हाईच मालूम नही." अंधार पडल्यावर त्यांनी तिला खुराड्यात सगळ्यांच्या मध्ये सरकवलं. रात्र एकत्र काढली की सकाळी नवी-जुनी असं राहत नाही म्हणे. आणि खरंच, सकाळी टोचणं थांबलं. सुटले बाई, म्हणत मी जळगावची गाडी धरली. घरी आले तर घर इतकं गप्प की उगाच ह्यांच्यावर करवादले.

मग अक्कांचा फोन आला. "बठ्ठ्या कोंबड्या आंगनमा दाना खातस, नि तुनी एकली परातना समोर उभी शे. परात उचली तं खात बी नही."

बाकीच्या सगळ्या अंगणात, आणि ही घासून भिंतीला टेकवलेल्या स्टीलच्या परातीपुढे. अक्कांच्या अंगणात तोंड दिसेल अशी तेवढीच एक वस्तू. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, आणि ह्यांचा असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी जाऊन कोंबडी परत आणली. ह्यांच्यासमोर ते वर्तमानपत्र ओरबाडून काढलं. ती आरशापुढे गेली, मान तिरकी करून बघत राहिली, मग तिची कुरकुर सुरू झाली. मी ज्वारी टाकली. तिनं सगळी टिपली. इतके दिवस मी खाली बसून, हातावर दाणे घेऊन, अगं खा गं माझे आई म्हणत होते, ते सगळं पाण्यात.

आता ती धडधाकट आहे, दिवसभर आरशापुढून हलत नाही. मी बाजारात जाते, देवळात जाते, वाटेल तेव्हा परत येते. कोणी कोकलत नाही. शेजारीण म्हणते, "सुटलात वहिनी."

परवा न्हाणीत आंघोळ झाल्यावरही मी कडी न काढता तशीच उभी राहिले. मेलीनं एकदासुद्धा दारावर चोच मारली नाही.