वोलुबिलिसचे बेचाळीस खांब

वाचनालयातल्या भाषणात मी दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. पहिली, मोरोक्कोतल्या वोलुबिलिस या रोमन काळच्या पडक्या शहरात बेचाळीस खांब अजून उभे आहेत. दुसरी, ते आम्ही पाहिले. पहिली चूक आकड्याची आहे. दुसरी तिच्याहून मोठी, कारण त्या दिवशी मी वोलुबिलिसपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर, फेज शहरातल्या एका खोलीत चार घोंगड्यांखाली पडून होतो. वोलुबिलिस माझ्या बायकोने पाहिलं, एकटीने. तो दिवस तिचा होता, आणि मी तो टाळ्यांसकट माझ्या नावावर करून घेतला.

मी लाकडाच्या सरकारी डेपोत बत्तीस वर्षं सागाचे ओंडके मोजतो आहे. लांबी, गोलाई, घनमीटर. आमच्याकडे चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. लाल शाईने एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. हे लिखाण म्हणजे ती रेघ समजावी.

मोरोक्कोची कल्पना माझी नव्हती. बायको गोंडपिपरीच्या पुढच्या एका गावात बावीस वर्षं शाळा शिकवत होती. इतिहासाच्या तासाला रोमन शहराचा धडा आला की एका जुन्या कॅलेंडरचं पान ती भिंतीला लावायची. त्यावर उन्हातले खांब आणि रंगीत खड्यांची फरशी. दोन वर्षांपूर्वी तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ते पान तिने गुंडाळून घरी आणलं आणि म्हणाली, हे एकदा खरं पाहायचं आहे. रोमच्या व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला लांब जावं लागणार होतं. मोरोक्कोचा व्हिसा घरच्या कॉम्प्युटरवर झाला, आणि रोमन लोक तिथेही जाऊन बसले होते. म्हणून मोरोक्को.

कल्पना तिची, पण योजना लगेच माझी झाली. आमचे शेजारी दरवर्षी टूर कंपनीबरोबर परदेशी जातात. सव्वीस माणसं, सव्वीस लाल टोप्या आणि पुढे एक झेंडा. त्यांनी मला समजावून सांगितलं, "भाऊ, झेंड्याच्या मांगं चालाचं, बाकी काई टेन्शन नाई." मी त्यांना स्वतंत्र प्रवासाचं महत्त्व सांगितलं. माणसाने स्वतः वाट शोधावी, स्वतः ठरवावं, कुणाच्या झेंड्यामागे जाऊ नये, असं बरंच बोललो. मग घरी येऊन अकरा दिवसांचं वेळापत्रक केलं, अर्ध्या अर्ध्या तासाचं. त्यात वोलुबिलिसला दोन तास दहा मिनिटं होती. बायकोने ते पाहून विचारलं की दहा मिनिटं कशाची. मी म्हणालो, राखीव. शेजारी तो कागद बघून म्हणाले, "वाघ मोजाले चालले का तुमी?"

आता सामानाचं सांगतो. चंद्रपूरच्या माणसाला उन्हाचा गर्व असतो. अठ्ठेचाळीस अंशांत आम्ही लग्नाच्या वरातीत नाचतो. आफ्रिका म्हटल्यावर सगळ्या नातेवाइकांनी ग्लुकोजची पाकिटं आणून दिली आणि सांगितलं की खिशात कांदा ठेवा. मी मात्र अंदाजावर चालत नाही. मी सरासरी तापमान शोधलं. वीसच्या आसपास निघालं. वीस म्हणजे आमच्याकडे पंखा बंद करायचं तापमान. तेव्हा स्वेटर नको, शाल नको, सुती कपडे पुरे. ती सरासरी वर्षाची होती आणि आम्ही जानेवारीत निघालो होतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बत्तीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाच्या लक्षात आली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

प्रत्येकी सात किलोची एकच बॅग, हा माझा नियम. तिची बॅग काट्यावर सात किलो सहाशे भरली. मी उघडली आणि वरची लोकरीची शाल काढली. सहाशे चाळीस ग्रॅम. बायको मूळची वडशाची, झाडीपट्टीतली. झाडीपट्टीची नाटकं थंडीच्या दिवसांत उघड्यावर, रात्रभर चालतात, आणि तिचं लहानपण त्या मंडपात भाताच्या तणसावर बसून गेलं आहे. ती म्हणाली, "पुसात रातभर नाटक पाह्यलं हाये मी. थंडी काय रायते ते मले नका सांगू." मी सरासरी सांगितली. विमानतळावर तिची कमर नेहमीपेक्षा जाड दिसत होती. शाल तिने पातळाच्या आत गुंडाळली होती. माणसाचं वजन विमानवाले करत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं आणि माझ्या नाही.

पहिले दिवस मराकेशमध्ये गेले. तिथे आणि पुढे फेजमध्येही एक गोष्ट पाहिली. रस्ता बंद असल्याची बातमी तिथे फक्त पर्यटकांना कळते. गावची माणसं त्याच गल्लीतून भाज्यांच्या पिशव्या घेऊन ये-जा करत असतात आणि कोपऱ्यावरचा सद्गृहस्थ आपल्याला कळकळीने सांगतो की पुढे बंद आहे, माझ्याबरोबर या, वाटेत माझ्या भावाचं चामड्याचं दुकान आहे. पहिल्या दोन दिवसांत आम्ही असे चार भाऊ पाहिले. बायको म्हणाली, यापेक्षा झेंडा बरा होता.

फेजचं जुनं शहर म्हणजे हजारो बोळांची गुंतवळ. काही बोळांत समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटावं लागतं. त्यासाठी माझी पद्धत तयार होती. पावलं मोजायची आणि वळण आलं की वहीत लिहायचं. दोनशे बाराव्या पावलाला गॅसची सिलिंडरं लादलेलं खेचर समोरून आलं. मी एका दारात शिरलो, बाहेर आलो तोवर आकडा विसरलो होतो. पुन्हा सुरुवातीपासून मोजायला सुरुवातीची जागा सापडेना. मी वही चाळत उभा होतो तेव्हा बायको एका बोळात वळली आणि पाच मिनिटांत मुक्कामाच्या दारात. तिने येताना बघून ठेवलं होतं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी भट्टी आहे आणि बायका घरून मळलेल्या कणकेचे गोळे परातीत घेऊन तिथे भाजायला जातात. ती एका परातीच्या मागे चालत गेली, एवढंच.

मुक्कामाचं घर फार सुंदर होतं. मध्ये उघडा चौक, चारी बाजूंनी नक्षीच्या फरशा, वर आभाळ. त्या आभाळातून थंडी थेट खोलीत येत होती. उन्हाळ्यासाठी बांधलेलं घर, दगडी भिंती, शेकोटी नाही. पहिल्या रात्री मी तीन सुती शर्ट एकावर एक घालून झोपलो. दुसऱ्या रात्री कांदाही खिशात ठेवून पाहिला, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला ताप होता आणि दात वाजत होते. घरमालकीण, एक वयस्क बाई, आली, माझ्या सुती शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली, बायकोकडे बघितलं आणि दोघी एका शब्दाशिवाय हसल्या. मग तिने घोंगड्या आणि मसूर-हरभऱ्याचं गरम सूप आणलं.

तो दिवस वोलुबिलिसचा होता. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. मी पडल्या पडल्या निर्णय जाहीर केला की वोलुबिलिस रद्द. परक्या देशात तिने एकटीने जाणं योग्य नाही, आणि एवढं काय, सगळे फोटो आता फोनवर मिळतात.

ती शाल अंगावर घेत होती. म्हणाली, "बावीस वर्सं पोराईले चित्र दाखवलं. आता मीबी चित्रच पाहू का?"

मी कागद मागितला आणि तिच्यासाठी वेळापत्रक लिहून दिलं. फेजहून मेकनेस आगगाडी, तिथून डोंगरावरच्या गावापर्यंत सामायिक टॅक्सी, पुढे चार किलोमीटर. परत तीन चाळीसला. तिने तो वाचला, मान हलवली, माझ्या अंगावरची घोंगडी नीट केली आणि गेली. पाणी प्यायला पेला उचलला तेव्हा त्याच्याखाली तो कागद तसाच होता.

मग मी छत मोजलं. देवदाराच्या नऊ तुळया, लांबी अंदाजे तीन मीटर वीस, जाडी पंधरा बाय वीस. मिळून पॉइंट आठ सहा घनमीटर. समोरच्या भिंतीवर फरशांच्या चाळीस रांगा, त्यातल्या तीन फरशा नंतर बसवलेल्या. मोरोक्कोच्या एवढ्या ऐतिहासिक शहरात मी खात्रीने सांगू शकेन अशी हीच माहिती आहे.

तीन चाळीस झाले. साडेचार झाले. तिथलं सिमकार्ड मी एकाच फोनमध्ये घातलं होतं, एकत्र असताना दोन कशाला म्हणून. तो फोन माझ्या उशाशी होता. पाच वाजता बाहेर पाऊस लागला. मी मनात तिच्या वाटेचे तुकडे करून प्रत्येकाला वेळ देत होतो, आणि कसाही हिशेब केला तरी साडेपाचच्या पुढे जात नव्हता. सहा वाजता मी उठून भिंत धरत दारापर्यंत गेलो. घरमालकिणीने मला दंडाला धरून परत आणून झोपवलं. तिला काळजी वाटत नव्हती. मला तिचा राग आला होता.

सव्वासातला बायको आली. चपलांना चिखल, शाल डोक्यावरून घेतलेली, ओच्यात संत्री. मी विचारलं, एवढा उशीर? ती म्हणाली, बसून राह्यली होती. टॅक्सीची तिला काहीच अडचण आली नव्हती. एका गाडीत सहा उतारू कोंबून भरेपर्यंत चालक हलत नाही, ही पद्धत तिला गोंडपिपरीच्या काळी-पिवळी जीपमध्ये बावीस वर्षं रोज बसून पाठ झाली होती. उलट इथे टपावर कोणी नव्हतं म्हणून तिला मोकळं वाटलं.

मग तिने सांगितलं ते तुटक सांगितलं. रंगीत खड्यांची फरशी उघड्यावर आहे, धुळीने फिकी दिसते. तिथल्या राखणदाराने बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि मासे, घोडा, बाईचा चेहरा, सगळे रंग एकदम वर आले. एका खांबाच्या टोकावर करकोच्याचं मोठं घरटं होतं. करकोचा उडून गेला, म्हणून परत येईपर्यंत ती समोरच्या दगडावर बसली. आला, चोच वाजवली. पुन्हा गेला. पुन्हा बसली. आणि एक गोष्ट तिला बोचत होती. ती वर्गात सांगायची, रोमन गेले आणि शहर ओस पडलं. ते खोटं होतं. रोमन गेल्यावरही तिथे शेकडो वर्षं माणसं राहिली. मी विचारलं, खांब किती आहेत? ती म्हणाली, "मले मोजाले पाठवलं होतं का?"

आम्ही परत आलो. महिन्याभराने वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. विषय त्यांनीच ठरवला होता, मोरोक्को आणि स्वतंत्र प्रवास. वक्ता अर्थात मी. मी म्हणालो, बायकोही बोलेल. ते म्हणाले, नक्कीच, दीपप्रज्वलन त्यांच्याच हस्ते ठेवलं आहे.

भाषणाच्या आदल्या दिवशी मी तिच्या फोनमधले सत्तावन्न फोटो उघडले आणि खांब मोजले. बेचाळीस. सभागृहात चौसष्ट माणसं होती, बोलता बोलता मी तीही मोजली. पाण्याने रंग वर आले ते सांगितलं, करकोचा सांगितला, आणि प्रत्येक वाक्यात आम्ही. कार्यवाहांनी आभार मानताना मला जगप्रवासी म्हटलं आणि माझ्या अंगावर सत्काराची शाल घातली. बायको तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी सवयीने शालीचं वजन केलं. दोनशे दहा ग्रॅम. तेवढ्यात ती म्हणाली, "घरट्याचा खांब तीनदा मोजला तुमी. तीनई फोटो त्याचेच हायेत." मी फोन उघडला. एकात करकोचा होता, एकात नव्हता, एकात उतरत होता. खांब तोच. डेपोत मोजलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याचा शिक्का मारतात, तो दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून. बत्तीस वर्षांत माझ्याकडून एक नग दोनदा मोजला गेला नव्हता. बेचाळीसातले दोन तर गेलेच, आणखी किती जातील ते तिलाच माहीत. मी म्हणालो, मग तिथेच उठून सांगायचं. ती म्हणाली, "तुमी तिथी होते असं सांगत होते. मंग मी काय सांगू?"

मी कार्यवाहांना फोन करून दुरुस्ती सांगितली. ते म्हणाले, "साहेब, बेचाळीस काय अन् चाळीस काय, कोण मोजाले जाते?" विषय संपला.

तिने मात्र वाचनालयाची वाट पाहिली नाही. पुढच्याच सोमवारी ती बसने आणि मग काळी-पिवळीने आपल्या जुन्या शाळेत निघाली. मी मागोमाग गेलो. नव्या गुरुजींना विचारून तिने एक तास मागून घेतला, कॅलेंडरचं पान भिंतीला लावलं आणि मुलांना सांगितलं की मी तुमच्या भावाबहिणींना एक चूक शिकवली होती. रोमन गेले, पण शहर ओस पडलं नाही. माणसं राहिली, त्यांनी जैतुनाचं तेल काढलं, पोरं वाढवली. तुमच्या घरच्यांना सांगा. एवढ्यासाठी ती दोन गाड्या बदलून आली होती. मी शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे घालून बसलो होतो.

एका मुलीने हात वर केला. खांब किती होते, बाई? ती म्हणाली, "मोजले नाई. पाहत होती." मग त्याच मुलीने मागे वळून माझ्याकडे बघत विचारलं की सर मोजत होते का.

"नाई," ती म्हणाली. "सर नव्हते तिथी. सर आजारी होते, खोलीत झोपून होते."

सगळ्या वर्गाने मला पाहिलं, मग पुन्हा फळ्याकडे तोंड केलं, आणि तास पुढे चालू झाला. त्या दिवशी वर्गात हजेरी एकोणतीस होती. वाचनालयात चौसष्ट जणांनी चुकीचं ऐकलं, शाळेत एकोणतीस जणांनी खरं, आणि या एकोणतीसांत त्या चौसष्टांपैकी कोणीही नव्हतं. म्हणून हे लिहिलं.