खळ दिलेली जाळी

मी दर अमावस्येला समुद्रावर जाते हे गावात कळलं, तेव्हापासून गल्लीतल्या बायका माझ्याशी जरा जपून बोलायला लागल्या. धुळ्याजवळचं आमचं गाव. तिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई दर महिन्याला रात्रीची बस धरून पालघरकडच्या एका बंदरावर जाते, होडीत बसते आणि बाटल्यांत पाणी भरून आणते, म्हणजे काहीतरी करणी असणारच! मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. निदान कुणी लग्नाचं तरी विचारत नाही.

खरं कारण अगदी साधं. अमावस्येला तिथे दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेवढे दोन महिने सोडले, तर आठ वर्षं मी तीच भरती, तीच जागा आणि तीच जाळी सांभाळली. जाळी म्हणजे मासे धरायची नव्हे. माणसाच्या दोन-तीन केसांएवढी छिद्रं असलेलं पांढरंशुभ्र कापड, शंकूसारखं शिवलेलं. होडीमागून ओढलं की पाणी निघून जातं आणि तरंगते जीव तळाच्या डबीत जमतात. त्यांना प्लवक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, तांदळाच्या कणीला दोन लांब मिशा फुटाव्यात तसे दिसतात, आणि काय डौलात पोहतात! समुद्रातल्या मासळीची पिल्लं त्यांच्यावरच वाढतात.

पाणी तापायला लागलं की यातले थोराड जीव कमी होतात आणि चिमुकले वाढतात. म्हणजे मासळीच्या पिल्लाला भाकरीऐवजी भुगा मिळतो. माझ्या आठ वर्षांच्या बाटल्या हेच सांगत होत्या, पण हळूहळू, कुरकुरत. मला हे ठासून सांगायचं होतं. समुद्रापासून इतक्या लांबच्या बाईचं कोण ऐकणार, असं तोंडावर म्हणणारे लोक मी पाहिले होते. माझी सगळी पत त्या बाटल्यांवर होती.

त्या वर्षी चैत्र अमावस्येची खेप करून मी तशीच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आले. आखाजीला खानदेशातल्या लेकीबाळी घरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी खापरावर मांडे होतात. मांड्याचं पीठ वस्त्रगाळ लागतं. जरा भरड राहिलं की हातावर ताणताना मांडा फाटतो, आणि आमच्या आईचा मांडा फाटला असं कधी झालेलं नाही. या बाबतीत बाई फार मानी. मी पिशवी खुंटीला अडकवली, खाली पसरले ती संध्याकाळपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी झोका, तिसऱ्या दिवशी रस आणि मांडे. ते मांडे इतके पातळ झाले होते की पलीकडची काकू दिसावी. मी चार खाल्ले आणि जळगावला परतले.

वैशाख अमावस्येला पावसाळी बंदीच्या आधीची शेवटची खेप होती. जाळी सोडली आणि आमचा नाखवा म्हणाला, "बाई, आज जाळी जड लागते ओढायला."

"लाट असेल," मी म्हणाले. तीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला मी लाट शिकवली!

बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि मी खुर्चीतून उठलेच. थोराड जीव जवळजवळ गायब. चिमुकल्यांची नुसती गर्दी. आठ वर्षं जे कुरकुरत होतं ते एका महिन्यात ओरडून बोललं होतं. मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मला हेच हवं होतं. पावसाळाभर बसून लेख लिहिला, त्या एका खेपेवर अख्खा डोलारा उभा केला, आणि पाठवून दिला. कॉलेजात व्याख्यान दिलं. विभागप्रमुख सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

श्रावणात कानबाईला घरी गेले. या देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भावकीतले सगळे जमतात, गहू निवडतात, घरचं पीठ दळतात. मी उंबऱ्यात चप्पल काढतेय तोवर आई आतून म्हणाली, "तुनी ती चाळणी आनी का?"

"कोणती चाळणी?"

"ती नही का, पांढरी, टोपीसारखी. आखाजीले मी मांड्यासनं पीठ तिनाच मा चाळं. कितलं बारीक पडनं, माय!"

माझी जाळी! आई उत्साहानं सांगतच होती. तळाची डबी सोडवून ठेवली, टोकाला सुतळी बांधली, आत पीठ घालून परातीवर हलवलं. मग जाळीला पीठ चिकटलं म्हणून कढत पाण्यानं धुतली. धुतल्यावर ती अगदीच लुळी दिसली, तर सुती लुगडी कडक करायला काढलेली पिठाची खळ उरली होती त्यात बुडवून, झटकून, सावलीत वाळवली, डबी होती तशी लावली. लेकीची वस्तू नीटनेटकी परत जावी म्हणून.

तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात भाऊबंद बसलेले, बायका गहू निवडतायत, आणि मी ओरडले, "आठ वर्षं पाण्यात घातलीस माझी! विचारायचं तरी होतं!" आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिला काय बिघडलं ते कळलंच नव्हतं. काहीतरी मोठं बिघडलंय आणि ते तिच्या हातून, एवढंच कळलं. मी रोटाला न थांबता निघाले. आजही ती गोष्ट आठवली की मला माझी लाज वाटते.

प्रयोगशाळेत जाळीच्या कापडावर आयोडिनचा एक थेंब टाकला. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल पुढे काय झालं ते. काळंनिळं. खळ पाण्यात फुगून छिद्रं बारीक झाली होती. म्हणून जाळी जड झाली, पाण्याला रेटा बसला, थोराड जीव तोंडाशीच निसटले आणि एरवी आरपार जाणारे चिमुकले आत अडकले. समुद्र एका महिन्यात बदलला नव्हता. जाळी बदलली होती.

सरांना सांगितलं. ते दार लोटून म्हणाले, "कोणाला कळणारंय? नाहीतर ती एक खेप गुपचूप काढून टाका, झालं."

"मला कळलंय ना, सर," मी म्हणाले, आणि त्याच दिवशी लेख परत मागवला. व्याख्यानाला आलेल्यांनाही सांगितलं, की मी चुकले. काही जण हसले. हसू देत.

मग कपाटातल्या सगळ्या जुन्या बाटल्या काढल्या आणि पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. सुट्ट्या गेल्या, मान गेली, चष्म्याचा नंबर वाढला. जाळी धुऊन, आयोडिननं पुन्हा पुन्हा तपासून खेपा चालू केल्या, आणि आता नाखवा काही बोलला की मी आधी ऐकते. वैशाखाची ती खेप काढल्यावर काय उरलं? तेच! आठ वर्षांत थोराड कमी होत आलेले, चिमुकले वाढत आलेले. हळूहळू, कुरकुरत, पण एकाही वर्षी मागे न फिरता. मी ठणकावून सांगते, आपल्या किनाऱ्याचं पाणी बदलतंय. आता हे सांगताना माझा आवाज चढत नाही, कारण चढवायची गरज नाही.

लेख नव्याने लिहिला तेव्हा सरांनी सुचवलं, ती खेप गाळल्याचं कारण मोघम द्या. मी मोघम दिलं नाही. पुढच्या आखाजीच्या आधी लेख छापून आला.

त्या आखाजीला मी घरी पोचले आणि पिशवी खुंटीला अडकवली. आई तिच्याकडे बघेनासुद्धा. केर काढताना त्या भिंतीपासून हातभर लांब राहिली. धाकट्या बहिणीनं सांगितलं, कानबाईपासून आई माझ्या कुठल्याच वस्तूला शिवली नव्हती; माझी जुनी वह्यांची पेटीसुद्धा तिनं दुसऱ्यांकडून हलवून घेतली होती. मांड्याचं पीठ ती जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळत होती, मान खाली घालून.

मी तिच्याजवळ बसले, लेख उघडला आणि ते कारण तिला आपल्या भाषेत वाचून दाखवलं. वैशाखातली खेप धरलेली नाही, कारण त्याआधी माझ्या घरी या जाळीतून सणाचं पीठ चाळलं गेलं आणि तिला खळ दिली गेली. ही माहिती मला आईनं दिली, तिनं सांगितलं नसतं तर हा लेख खोटा राहिला असता.

"असं लिखेल शे?" आईनं विचारलं.

"असंच."

"म्हंजे मी बिघाडं नही?"

"तू सांगितलंस म्हणून वाचले गं मी. आणि त्या दिवशी ओरडले, ते चुकलंच माझं."

तिनं त्या ओळींवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग पदराला हात पुसत उठली, खुंटीवरची पिशवी स्वतःच्या हातानं काढली, जाळी बाहेर घेऊन उजेडात धरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भलती लुळी पडनी वं माय. खळ देऊ का?"