दोर कोणी कापला

हा प्रवास मी एकदा लिहिला आहे. तो छापून आला, लोकांनी वाचला, दोनचार जणांनी कौतुकाची पत्रेही धाडली. पण त्या प्रवासात खरे काय घडले ते मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. विषय निघाला की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जात असे. आता ऐंशी उलटली आहे आणि असे पटकन उठून जाणे जमत नाही.

स्वातंत्र्याला दहाअकरा वर्षे झाली असतील. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो आणि मासिकांतून प्रवासवर्णने लिहीत असे. एका दिवाळी अंकासाठी मला कोळ्यांबरोबर समुद्रावर जायचे होते. भाद्रपद संपत आला होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. निघाल्यावर दहा मिनिटांत माझी टोपी वाऱ्याने उडाली. मी कठड्यावरून वाकून बघत राहिलो, तेव्हा शेजारी टोपल्या घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "गेली ती. आता एखादा बोंबील घालून मिरवंल." सगळी लाँच हसली. मी ते वहीत टिपून घेतले. मला तेव्हा प्रत्येक गोष्ट टिपायची घाई असे.

रेवसहून एसटीने अलिबाग, तिथून आणखी एक एसटी, आणि मग खाडीच्या तोंडाशी असलेला कोळीवाडा. गावाचे नाव मी तेव्हा छापले होते. आज छापत नाही.

ज्याच्याकडे उतरलो तो जोमा नाखवा. (नाखवा म्हणजे होडीचा मालक. जोमा स्वतःच तांडेलही होता, म्हणजे होडी त्याच्याच हुकमाने चाले.) चाळिशीचा, बुटका, बोलायला हळू. त्याची बायको हिराबाई हिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण वाढले. कालवण इतके तिखट होते की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ओटीवर जाळ्याचा मोठा ढीग होता.

"ही वावरी हिनं विनली," जोमा म्हणाला. (वावरी म्हणजे पाण्यात पडद्यासारखे सोडायचे लांब जाळे.) "सगला पावसाला ह्यातच गेला."

"माझी बोटं गेली, पावसाल्याचं काय घेऊन बसलांव," हिराबाई म्हणाली. "आनि ते इंजिनाचं सांगा की पावन्याला. गावभर तर सांगत फिरता."

जोमा लाजला. दिवाळीनंतर मच्छीमार सोसायटीची इंजिनाची होडी येणार होती, गावातली पहिली. तिचा तांडेल पंच निवडणार होते आणि सगळे जोमाचेच नाव घेत होते. "अजून काय ठरलं न्हाय," तो म्हणाला. पण बोलताना त्याचा हात त्या न आलेल्या इंजिनाचा दांडा धरल्यासारखा हलला.

पहाटे उजाडताना आम्ही निघालो. जोमा, हिराबाईचा भाऊ धर्मा, एक म्हातारा खलाशी आणि मी. किनारा निळसर रेघेएवढा झाला तशी मला बोट लागली. मी कडेला वाकलो.

"मास्तर, अजून जालं टाकलं न्हाय आनि तुमी माशांना जेवायला पन घातलांव!" धर्मा म्हणाला. लिहिता येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता.

वावरी सोडून झाली. तिचा दोर होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधला होता. करायला काही नव्हते. मला बसवेना. उठावे तर तोल जाई. तेवढ्यात कुठून तरी एक पाखरू आले आणि शिडाच्या दोरीवर बसले. पिवळा धोबी. मुठीत मावेल एवढा जीव, शेपटी सारखी खालीवर. चारी बाजूंना झाडाचे पान नाही आणि हा उत्तरेकडून कुठून कुठून उडत आलेला. चोच उघडी पडली होती. थोड्या वेळाने तो दोरीवरून सरळ जोमाच्या गुडघ्यावर उतरला. जोमाने गुडघा हलवला नाही. नुसत्या हाताने करवंटी ओढली, मडक्यातले गोडे पाणी तीत ओतले आणि गुडघ्याशी धरली.

"दमलाय. पावना हाय. जमीन दिसली का आपलाच उठंल."

पाणी पिऊन त्या पाखराने चिक् चिक् करत एक लहानसे गाणे म्हटले. तीनचार सूर, तेही तुटके. इतक्या मोठ्या पाण्यावर ते ऐकून मला उगाच भरून आले.

मग श्वासाचा आवाज आला. एखादी मोठी वाफ सुटावी तसा. होडीपासून पन्नास हातांवर पाण्याचा फवारा उडाला, कुबट मासळीचा वास अंगावर आला आणि काळी, ओली, न संपणारी पाठ पाण्यातून वर सरकत गेली. देवमासा! तो खाली गेला. वावरीच्या तरंगत्या लाकडी बोयांची रांग एकामागून एक बुडाली, दोर ताठ झाला आणि होडी नाळेवर वाकून ओढली जाऊ लागली.

"दोर सैल सोरा," जोमा म्हणाला. आवाज जेवताना होता तेवढाच. "घाबरू नका. त्याला वाट पायजे. अडकला न्हाय, खालून जाईल."

धर्मा दोर सोडत होता. दोर खरोखर सैल पडू लागला होता. हे मला दिसत होते, हे आज लिहून ठेवतो. पण नाळेवरून पाणी आत आले, माझे पाय भिजले आणि डोळ्यांपुढे फक्त पाणी राहिले. डोलकाठीशी कोयता होता. तो मी उचलला आणि दोर कापला. दोन घाव घातले.

होडी सरळ झाली. बऱ्याच अंतरावर देवमासा वर आला. अख्खी वावरी त्याच्या मागून फरफटत होती आणि तिच्या बोया पाण्यावर नाचत होत्या. सैल दोरावर तो तिच्यातून सुटला असता. आता ती घेऊनच गेला.

धर्माने मला एक शिवी दिली. जोमाने त्याला हाताने थांबवले. पाखरू उडून शिडाच्या टोकावर बसले होते. किनारा दिसला तसे ते उठले आणि माडांच्या दिशेने गेले. जोमाने ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि मग म्हणाला, "मास्तर, किनाऱ्यावर तुमी गप ऱ्हावा. मी बोलतो."

पुळणीवर माणसे जमली. हिराबाई पुढे आली. "वावरी कुठं हाय?"

"देवमासा आला," जोमा म्हणाला. "दोर मी तोरला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमी?"

"व्हय, मी."

धर्मा काही बोलणार होता. जोमा त्याला हळूच म्हणाला, "होरीवर जे होतं ते तांडेलाचं. पावन्याला गावात हसवायचा न्हाय." मी शेजारीच उभा होतो. मी ऐकले आणि गप्प राहिलो.

मुंबईला येऊन मी लेख लिहिला. त्यात पाखरू माझ्या वहीवर बसले होते आणि त्याला पाणी मी पाजले होते. पुढे असे वाक्य होते: 'देवमाशाची पाठ दिसताच आमच्या तांडेलाचा हात लटपटला आणि त्याने थरथरत दोर कापून टाकला.' मी मनाला सांगितले की तो स्वतःच तसे म्हणाला होता. संपादकांना तो प्रसंग फार आवडला. वाचक हसले.

हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावर धर्मा भेटला. म्हणाला, "तुमचं दिवालीचं पुस्तक शालेच्या गुरुजींनी सोसायटीच्या बैठकीत वाचलं. पंच बोलले, देवमाशापुढं ज्याचा हात कापतो त्याच्या हाती इंजिन कसं देनार? तांडेल दुसराच केला. आमचा दाजी बाजारात गेला का लोक वरडतात, 'जोमा, पल, देवमासा आला!'"

"जोमा काय म्हणतो?"

"काय म्हननार? गप ऱ्हातो. आमाला पन तोंड उघडू देत न्हाय. तुमचं बरं झालं, नाव झालं."

तरी मला पुन्हा तिकडे जायला तीन वर्षे लागली. या वेळी लाँचवर मी कुणाशी बोललो नाही. कबुलीचे एकच वाक्य घोकत होतो. पिशवीत तो अंक होता. त्यातले ते लटपटत्या हाताचे वाक्य जोमासमोर खोडायचे ठरवले होते.

जोमा ओटीवर दुसऱ्या कुणाची तरी वावरी दुरुस्त करत होता. हिराबाईने पाणी दिले आणि आत निघून गेली. भाकरी विचारली नाही. जोमाने पिशवीतून डोकावणारा अंक पाहिला.

"त्योच काय? मना वाचता येत न्हाय. लोकांनी सांगितलं तेवढंच ठावं. तुमच्या तोंडून ऐकू दे."

मी वाचू लागलो. टोपी, कालवण, पहाट. टोपीला तो मोठ्याने हसला. मग पाखरू आले. 'मी त्याला करवंटीत पाणी दिले.'

"तुमी दिलांव?" त्याने सुई थांबवली. "बरं."

पुढचा परिच्छेद दोराचा होता. मी तो गाळून थेट सूर्यास्तावर गेलो. शेवटपर्यंत वाचले. जोमा पुन्हा टाके घालू लागला.

"मधी दोराचं काय तरी हाय म्हनतात."

"हो. ते आहे," मी म्हणालो. घोकलेले वाक्य जिभेवर होते. "पण आता एसटी चुकेल."

त्याने सुई खाली ठेवली आणि लहान होडीतून मला खाडीपार सोडले. पलीकडे उतरताना बूट भिजू नयेत म्हणून हात दिला. तो हात जराही कापत नव्हता.

"या परत," तो म्हणाला. "अर्धं ऱ्हायलं वाचायचं."

मी परत गेलो नाही. अलिबागपर्यंत दोनदा गेलो आणि तिथूनच वळलो. काही वर्षांनी जोमा वारल्याचे धर्माने कुणाकडून तरी पोस्टकार्ड लिहून घेऊन कळवले. माझ्या खिडकीशी हिवाळ्यात अजून धोबी येतो. तो शेपटी हलवू लागला की मी पडदा ओढून घेतो.

त्या ओटीवर छापलेल्या परिच्छेदाऐवजी जो वाचायला हवा होता, तो असा:

नाखवा, दोर मी कापला. तुम्ही सैल सोडायला सांगत होतात आणि तुमचेच बरोबर होते. पाखराला पाणी तुम्ही दिलेत. हिराबाईंची वावरी मी घालवली, आणि मग तुमची इंजिनाची होडीही. मला क्षमा करा.